हजेरीपत्रक, रेशनकार्ड, सातबारा

१९४३ सालची गोष्ट. वाळवा तालुक्यातल्या भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर एक माणूस बायकोला बडवत होता. तो शिव्या घालत होता, ती ओरडत होती, भोवती बघे जमले होते. शेवटी चौकीतले शिपाई सोडवायला बाहेर आले. ते भांडणात गुंतलेले असताना काही तरुण आत शिरले आणि चौकीतल्या बंदुका घेऊन पसार झाले. मार खाणारी मुलगी होती क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक हौसाताई, वय जेमतेम सतरा. मारणारा तिचा नवरा नव्हता, इंग्रजी राज्याला समांतर चालणाऱ्या प्रतिसरकारातला सहकारी होता. भांडण लुटुपुटूचे असले तरी मार खरा बसला होता, असे हौसाताई नव्वदी ओलांडल्यावरही सांगत.

बेत तडीस गेला, कारण रस्त्यावर बायकोला मारणारा नवरा हे दृश्य कोणालाच खोटे वाटण्यासारखे नव्हते. पोलिसांना संशय आला नाही, बघ्यांनाही नाही. इंग्रजी राज्याला हुलकावणी देण्यासाठी क्रांतिकारकांनी घरोघरचीच गोष्ट रस्त्यावर उभी केली होती.

भवानीनगर तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये या जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. कृष्णा-कोयनेच्या काठची काळी, उसाची जमीन आणि पूर्वेकडे माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जतचा कोरडा माळ अशी या मुलखाची दोन रूपे. दोन्हीकडच्या बायका पहाटेपासून राबत होत्या. पण त्या राबण्याची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती. जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, रेशनकार्ड नवऱ्याचे, मुलांच्या नावापुढे बाप. स्त्रियांच्या चळवळीने या दोन जिल्ह्यांत घर आणि काम किती बदलले, हे पाहायचे तर हेच कागद एकेक करून उलगडावे लागतात.

सुरुवात फार जुनी आहे. सावित्रीबाई फुल्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, खंडाळा तालुक्यातल्या नायगावचा. जोतीरावांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण, तेही साताऱ्याच्या खटाव तालुक्यातले. त्यांची शाळा पुण्यात भरली, पण सत्यशोधक विचार पुढच्या पिढ्यांत याच गावांत मुरला. भटजीविना लग्न, मुलींचे शिक्षण, वाजंत्री-मानपानाला फाटा या गोष्टी इथल्या शेतकरी घरांत १९२० च्या आसपास बोलल्या जाऊ लागल्या, काही ठिकाणी केल्याही जाऊ लागल्या.

त्याच वातावरणात भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत. त्यांच्या जेवणाची जबाबदारी लक्ष्मीबाई पाटलांवर होती. घरात धान्याचा कण उरला नाही तेव्हा त्यांनी दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. आज लक्ष्मीबाईंचे नाव घेतले जाते ते त्यागासाठी, आणि ते योग्यच आहे. पण रोजच्या रोज वसतिगृहातल्या मुलांचे पोट भरणे हे कष्टाचे, कसबाचे काम होते, आणि काम म्हणून ते कुठल्या वहीत चढले नाही. बाईने केले की तो त्याग किंवा कर्तव्य, पुरुषाने केले की ते कार्य, हा फरक मोडायला पुढे अर्धे शतक लागले.

लक्ष्मीबाई गेल्या त्याच वर्षी ऑगस्टमध्ये किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक निघाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या ओसाड माळावर कारखाना वसवला होता. लोखंडी नांगर बनवणाऱ्या या वसाहतीतून शंकरराव किर्लोस्करांनी आधी 'किर्लोस्कर' चालवले, मग खास बायकांसाठी दुसरे मासिक काढले. मुलीचे लग्नाचे वय, संततिनियमन, विधवांचे जिणे, बाईची नोकरी असे विषय त्यातून दर महिन्याला घराघरांत पोहोचू लागले. वाचणाऱ्या अर्थातच लिहिता-वाचता येणाऱ्या, म्हणजे मूठभर. तरी घरातली घुसमट छापून येऊ शकते आणि दुसऱ्या गावची बाई त्यावर पत्र लिहू शकते, हे त्या मूठभरांना कळले. पुढे पुण्यात याच मासिकाच्या संपादक झालेल्या विद्या बाळ स्त्रीमुक्ती चळवळीच्या बिनीच्या कार्यकर्त्या ठरल्या.

१९४२ च्या आंदोलनातून उभे राहिलेले प्रतिसरकार १९४३ ते १९४६ या काळात शेकडो गावांत चालले. इंग्रजी कचेऱ्या, खजिने, रेल्वे यांवरचे हल्ले सगळ्यांना आठवतात. पण प्रतिसरकारची न्यायदान मंडळेही होती आणि त्यांच्यापुढे सावकारीच्या तक्रारींबरोबर बायकोला छळणाऱ्या, टाकून देणाऱ्या नवऱ्यांच्या तक्रारीही येत. कमी खर्चात, बिनहुंड्याचे 'गांधी विवाह' लावले जात. गावातल्या दारूवर बंदी घातली जाई. घरातला जुलूम हा गावाने निवाडा करण्याचा विषय आहे, हे इथे पहिल्यांदा गावपातळीवर मान्य झाले.

या लढ्यात कराड तालुक्यातल्या इंदोलीची इंदुमती निकम ही मुलगी घर सोडून सामील झाली, तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची होती. १ जानेवारी १९४६ रोजी तिने प्रतिसरकारातले कार्यकर्ते बाबुजी पाटणकर यांच्याशी लग्न केले आणि ती कासेगावची झाली. स्वातंत्र्य आले. १९५२ मध्ये बाबुजींचा खून झाला. इंदुताई तेव्हा सत्तावीस वर्षांच्या, पदरात लहानगा भारत. सासूच्या सोबतीने, प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेच्या पगारावर त्यांनी घर चालवले आणि चळवळही सोडली नाही. ज्या काळात विधवेने मागल्या दाराने वावरावे अशी रीत होती, त्या काळात कासेगावातल्या या घरी दोन बायांवर आणि एका पगारावर संसार उभा होता. तीस वर्षांनी या घरातूनच सांगलीतली स्त्रियांची चळवळ चालणार होती.

मधल्या काळात या मुलखातली कुटुंबे मुंबईने घडवली. माण-खटाव-खानापूरच्या घरातला कर्ता पुरुष गिरणीत, बायको गावी, आणि दोघांमध्ये दर महिन्याची मनीऑर्डर. गावाकडे पेरणी, राखण, म्हातारी माणसे, जनावरे, पाणी असे सगळे बाईच पाहत होती; शेतकरी म्हणून नाव मात्र मुंबईतल्या नवऱ्याचे. तिकडे गिरणगावात या एकट्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्याही बायकाच. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवले, बँकांची कर्जे मिळवून दिली. रांधणे हा धंदा आहे आणि त्याला भांडवल लागते, ही गोष्ट तेव्हा बँकेच्या कागदावर आली.

गावाकडे तोच बदल दुष्काळाने घडवला. १९७० ते १९७३ अशी लागोपाठ वर्षे कोरडी गेली. खडी केंद्रांवर, पाझर तलावांच्या कामांवर बायकांची रीघ लागली. घरात खायला होते ते रेशनवरच्या लाल मिलोचे आणि कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीचे. पाटला-देशमुखांच्या घरातल्या, कधी उंबरा न ओलांडलेल्या बायकाही डोक्यावरचा पदर पुढे ओढून दलित, धनगर बायकांच्या शेजारी खडी फोडायला बसल्या.

दुष्काळ सरल्यावर हे काम बंद व्हायला हवे होते. ते झाले नाही, याचे बरेचसे श्रेय सांगली जिल्ह्यातल्याच एका माणसाला जाते. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी साठच्या दशकात मांडली आणि तासगाव भागातच तिचा प्रयोग झाला. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर होऊन २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागण्याचा हक्क असा कायद्याने मिळाला, तो देशात पहिल्यांदा महाराष्ट्रात. स्त्री-पुरुषांना सारखाच दर, कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि पोरांसाठी पाळणाघर अशा तरतुदी कायद्यात आल्या. पाळणाघरे बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. कुठे मस्टर खोटे भरले गेले, पगार आठवडे-आठवडे रखडले. तरीही हजेरीपत्रकावर बाईचे स्वतःचे नाव होते, त्यापुढे तिचा अंगठा होता आणि पगाराच्या दिवशी पैसे तिच्या हातात पडत होते. कामावर भेटलेल्या बायका रखडलेल्या पगारासाठी तहसील कचेरीवर मोर्चे नेऊ लागल्या. तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या शहाद्यापासून सांगलीच्या खानापूरपर्यंत सत्तरच्या दशकातली ग्रामीण स्त्री चळवळ या कामांवरच संघटित झाली.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात स्त्रीमुक्ती परिषद भरली. हे सगळे टिपून घेणाऱ्यांत एक अमेरिकन संशोधक होती: गेल ऑम्वेट. महात्मा फुल्यांच्या परंपरेतल्या ब्राह्मणेतर चळवळीवर बर्कलेत पीएच.डी. करून ती भारतात आली होती. १९७६ मध्ये तिने डॉ. भारत पाटणकरांशी लग्न केले आणि इंदुताईंची सून होऊन कासेगावात राहिली. १९८३ मध्ये तिने भारतीय नागरिकत्व घेतले.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले. संप लांबला तसे हजारो जण गावी परतले. मनीऑर्डरी थांबल्या. दोन पिढ्या शेतीकडे पाहुण्यासारखे येणारे पुरुष आता कायमचे घरी होते आणि शेताला पाणी नव्हते. खानापूर तालुक्यात या परतलेल्या कामगारांच्या पुढाकाराने मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळा नदीवर बळीराजा धरण झाले. जमीन असो वा नसो, प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा, हे तत्त्व तिथे मांडले गेले.

पण कुटुंब म्हणजे कोण? पाणीवाटपाच्या बैठकांत, मोर्चांत येणाऱ्या कितीतरी बायकांना हा प्रश्न सुटत नव्हता, कारण त्या कुठल्याच कुटुंबात मोजल्या जात नव्हत्या. नवऱ्याने टाकलेल्या. लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांत माहेरी आणून सोडलेल्या, काडीमोड नाही, पोटगी नाही, नवऱ्याने दुसरी केलेली. गावात त्यांच्याबद्दल बोलताना 'ती नांदत नाही' असे म्हटले जाई, जणू दोष तिचाच. भावाच्या घरी दिवसभर राबायचे आणि भावजयीच्या मर्जीवर जेवायचे.

इंदुताईंच्या पुढाकाराने स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने ऐंशीच्या दशकात या परित्यक्तांना गावोगावी एकत्र आणले. त्यांची पहिली ठोस मागणी होती स्वतंत्र रेशनकार्डाची. वरवर किरकोळ वाटणारी ही मागणी फार नेमकी होती. बाईचे नाव सासरच्या कार्डावर, ते कार्ड नवऱ्याकडे. माहेरच्या कार्डावर नाव चढवायचे तर आधी सासरच्या कार्डावरून ते कमी झाल्याचा दाखला हवा, आणि तो नवऱ्याच्या सहीशिवाय निघेना. कार्ड नाही म्हणजे साखर नाही, रॉकेल नाही, रहिवासाचा पुरावा नाही, घरकुलाचा अर्ज नाही. स्वतःचे कार्ड झाले की सरकारदरबारी ती एक बाई हेच एक कुटुंब ठरणार होते. त्यामागोमाग राहायला गावठाणात जागा आणि पोटगी या मागण्या आल्या. पोटगीची कायदेशीर कमाल मर्यादा तेव्हा महिना ५०० रुपयांवरच अडकून होती, आणि तेवढीही वसूल करायला कोर्टात खेटे घालावे लागत.

सांगलीतच नव्हे, संगमनेरलाही निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाने १९८८ मध्ये परित्यक्ता परिषद भरवली. दोन्हीकडच्या रेट्याने सरकारला या बायकांची वेगळी दखल घ्यावी लागली आणि हळूहळू त्यांच्या नावाची कार्डे निघू लागली. घरांत याचा परिणाम दिसला. पत्र्याची एक खोली का असेना, स्वतःच्या नावाची, असे म्हणणारी बाई गावात उभी राहिली. लेकीला नांदवत नाहीत म्हटल्यावर तोंड लपवणारे आईबाप तिच्याबरोबर कचेरीत येऊ लागले.

साताऱ्याच्या माण तालुक्यात गोष्टीने वेगळे वळण घेतले. जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनात घडलेल्या चेतना सिन्हा मुंबईहून लग्न करून म्हसवडला आल्या. रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे अडचण घेऊन आली. तिला रोजचे थोडे पैसे बँकेत टाकायचे होते, पावसाळ्यापूर्वी पालावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. पण इतकी बारीक रक्कम घ्यायला बँक तयार नव्हती. मग बायकांचीच बँक काढायचे ठरले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते, सह्या नव्हत्या. म्हसवडला साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. काही महिन्यांनी बायका पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या. आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, यात आमचा दोष काय, असा त्यांचा सवाल होता. वाचता येत नसले तरी हिशेब येतो. कुठल्याही रकमेचे व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय जमते का पाहा, असे आव्हान त्यांनी दिले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

ही बँक खातेदारांकडून शिकत गेली. बाजाराला बसणारी बाई बँकेत आली तर तिचा दिवस बुडतो, म्हणून बँकेची माणसे बाजारात गेली. पासबुक घरी गेले की नवऱ्याच्या हाती पडते, शिल्लक कळते आणि मग ती मागितली जाते, असे बायकांनी सांगितले. तेव्हा पासबुक घरी न नेण्याची सोय निघाली, पुढे कार्डे आली. लांबच्या शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी सायकलींना बिनव्याजी कर्ज मिळाले. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडची चारा छावणी दीड वर्षाच्या आसपास चालली. ती निघाली, कारण जनावर विकले तर बाईच्या हातातला एकुलता एक धंदा जातो, हे बँक चालवणाऱ्यांना ठाऊक होते. शेळी, शिलाई मशीन, भाजीची पाटी यांवर कर्ज घेणाऱ्या बाईच्या घरात पोरांची फी, दवाखाना, कधी मुलीचे लग्न पुढे ढकलणे, अशा निर्णयांत तिचा शब्द चालू लागला.

सगळ्या बायकांना एकच वाट मान्य होती असेही नाही. सांगलीत मीना शेषू यांनी १९९२ मध्ये संग्राम संस्था सुरू केली ती वेश्या वस्त्यांत एड्स रोखण्याच्या कामातून. १९९६ मध्ये तिथल्या बायकांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. आम्हाला सोडवायला येऊ नका, आमच्या पोरांच्या शाळेच्या दाखल्याचे, पोलिसांच्या माराचे बोला, ही त्यांची भूमिका चळवळीतल्या अनेकींना पटली नाही आणि आजही पटत नाही. पण या बायकांशी बोलल्याशिवाय त्यांच्याबद्दल बोलता येणार नाही, ही जाण सांगलीने राज्याला दिली.

आणि तरीही, याच प्रगत जिल्ह्यांत मुली जन्मण्याआधीच संपत होत्या. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली साताऱ्यात ८७८, तर सांगलीत ८५१ निघाल्या. राज्याची सरासरी होती ९१३. उसाचा पैसा, सोनोग्राफी केंद्रे आणि वारसाचा हट्ट एकत्र आला होता. साताऱ्यात १९९० पासून दलित महिला विकास मंडळ चालवणाऱ्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी लेक लाडकी अभियान हाती घेतले. गरोदर कार्यकर्त्या स्वतः तपासणीला जात, लपवलेल्या ध्वनिमुद्रकावर डॉक्टरचे बोलणे टिपत आणि खटला उभा करत. पोटात मूल असताना हा धोका पत्करणाऱ्या या बायकांचे धैर्य हौसाताईंच्या जातीचे आहे. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा होता. तो वापरून डॉक्टरांना कोर्टात उभे करण्याचे काम या बायकांनी केले. २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार देशपांडे यांना मिळाला.

ज्या मुली जन्मल्या, त्यांतल्या कित्येकींचे नावच नकुशी होते. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात अशा २८५ मुलींना सरकारी समारंभात नवी नावे मिळाली, दाखले मिळाले. काहींनी देवीचे नाव निवडले, काहींनी आवडत्या नटीचे. शाळेच्या हजेरीत रोज आपले नकोसेपण ऐकणाऱ्या मुलींनी स्वतःचे नाव स्वतः ठरवले.

जमिनीचा कागद मात्र सगळ्यांत चिवट निघाला. साताऱ्यात जन्मलेल्या शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली, तेव्हा अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. १९९४ मध्ये महाराष्ट्राने महिला धोरण आणले आणि मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. देशाच्या कायद्यात तो अकरा वर्षांनी आला. २००३ मध्ये 'घर दोघांचे' मोहिमेने ग्रामपंचायतीच्या नोंदीत नवऱ्याशेजारी बायकोचे नाव आणले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लागते.

वडील गेल्यावर सातबाराला वारस म्हणून बहिणींची नावे लागतात हे खरे, पण पुष्कळदा ती थोडेच दिवस टिकतात. राखीपौर्णिमा, माहेरचे येणे-जाणे, भावाची नाराजी यांचे दडपण येते आणि बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. उसाच्या पट्ट्यात एकराचा भाव जितका चढला, तितके हे दडपणही वाढले. ज्या परित्यक्तांनी चाळीस वर्षांपूर्वी रेशनकार्ड मिळवले, त्यांतल्या अनेकींच्या नावावर अजून गुंठाभरही जमीन नाही. इंदुताई २०१७ मध्ये गेल्या, हौसाताई आणि गेल ऑम्वेट २०२१ मध्ये. त्यांच्यामागून आलेल्या कार्यकर्त्या आता वारस नोंदीच्या वेळी बहिणींबरोबर तलाठी कार्यालयात जातात आणि सही करण्यापूर्वी कागद मोठ्याने वाचून दाखवतात.